खाष्ट बापाचा चेहरा

क्रिसान्तो बालुयोत, म्हणजे आमचा सान्तो, प्रेमाच्या गोष्टींची चित्रं काढून पोट भरायचा. मनिलाजवळच्या बुलाकान प्रांतातल्या आमच्या गावात कुणी भात लावी, कुणी बदकं पाळी, आणि हा एकटा दिवसभर बायकांचे केस रंगवत बसे. त्याची आई शेजारणींना सांगायची, "सगळ्यांची पोरं घाम गाळतात, माझं शाई सांडतं."

गोष्ट लिहिणारा माणूस मनिलात. त्याचे टाइप केलेले कागद सकाळच्या बसने यायचे. कुठल्या चौकटीत कोण रडतंय, कोण दार आपटतंय, सगळं त्यात लिहिलेलं असे. सान्तो ते आधी पेन्सिलीने काढी, मग टाकाने शाई चढवी, केस तेवढे कुंचल्याने, आणि पानं बांबूच्या नळीत घालून कंडक्टरच्या हवाली करी. काही आठवड्यांनी तीच पानं छापील कॉमिक होऊन गावात परतत आणि तातांग तिबोयच्या दुकानात सुक्या मासळीशेजारी दोरीवर लटकत. विकत कोण घेतंय हो! पाच सेंटावो टाकायचे, बाकावर बसून वाचायचं आणि परत दोरीला अडकवायचं. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी आम्बो न्हावी मोठ्याने वाचायचा, नायिकेचा आवाज बारीक काढून. तिकडे गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं ताटकळलंय, आणि इकडे हा डोळे पुसतोय!

दुकानाचा मालक तातांग तिबोय. सगळं गाव त्याला वडीलकीच्या मानाने तातांग म्हणे आणि मनातून घाबरे. झुपकेदार मिशा, नाकाशेजारी चामखीळ, आणि उधार मागितलं की वर जाणारी एक भुवई. त्याची मुलगी फेलिसा. आता सान्तो आपलं घर सोडून दुकानाच्या बाकावर चित्रं काढायला का बसायचा, हे मी सांगायला नको. गोष्टीतली शिवणकाम करणारी मिलाग्रिता हुबेहूब फेलिसासारखी दिसायची. ते त्याने मुद्दाम केलं होतं. फेलिसालाही ते ठाऊक होतं, आणि ती बाकाकडे तोंड करूनच केस विंचरायची.

घोळ झाला तो मिलाग्रिताच्या बापात. हा बाप म्हणजे सेवेरो, पोरीला कोंडून ठेवणारा, तिच्या प्रियकरावर कुत्रा सोडणारा. मनिलाचे कागद सांगत, "बाप रागाने बघतो." सान्तो घाईत असायचा, बस यायची वेळ झालेली असायची. रागीट चेहरा हवा म्हणून मान वर करी, समोर गल्ल्यावर तातांग. डोळ्यांनी पाहिलं, हाताने उतरवलं. खरंच सांगतो, त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

गावाच्या मात्र आलं. आम्बोने पहिलंच पान उघडलं आणि हातातला वस्तरा खाली ठेवला.

"तातांग, तुम्ही छापून आलात की!"

"कुठं?"

"हे बघा. पोरीला कोंडताय. चामखीळसुद्धा घेतलीय बरोबर!"

बाक हसून हसून गदगदला. एका म्हातारीने विचारलं, "बाप सापडला, पोरगी सापडली, मग तो प्रियकर कोण?" आम्बो म्हणाला, "तो आपल्यातला नव्हे, आजी. एवढं सरळ नाक गावात कुणाला आहे!"

तातांगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि नेमका त्याच सुमारास सान्तो फेलिसाला मागायला गेला. याला म्हणतात मुहूर्त!

आमच्याकडे मुलगी नुसती मागून मिळत नसे. मागणाऱ्याने तिच्या घरी राबायचं: लाकडं फोडायची, पाणी भरायचं, भात कांडायचा. किती दिवस, ते बाप ठरवणार. त्याचं मन भरलं की तो "हो" म्हणे, नाही भरलं तर माणसाने गुपचूप घरी जायचं. तातांगने सान्तोच्या हातात कुऱ्हाड दिली आणि अंगणातल्या चिंचेच्या ओंडक्याकडे बोट दाखवलं. सबंध गावात त्याच्याइतकं चिवट लाकूड नव्हतं.

"तातांग, माझा हात..."

"हात थरथरू दे की. माझा चेहरा काढता येणार नाही, म्हणजे झालं."

सान्तो राबला. दिवसा कुऱ्हाड, उन्हं कलली की टाक. पण ओंडका फोडून आलेल्या हाताला बारीक रेघ कुठली जमणार? मिलाग्रिताच्या पापण्या फेंदारल्या. सेवेरोच्या मिशा वाकड्या गेल्या, भुवया राठ झाल्या, आणि तो आधीपेक्षा दसपट भयंकर दिसू लागला! मनिलाच्या संपादकाने कळवलं, बाप झकास जमतोय, त्याला आणखी पानं देतो. झालं! आता पानोपानी सेवेरो. आम्बोने बाकावर जाहीर केलं, "तातांगचा पगार वाढवा रे कुणीतरी."

तातांगने सान्तोला बोलावून सांगितलं, "पुढच्या अंकापासून त्याला सज्जन कर. नाहीतर कुऱ्हाड ठेव आणि चालू लाग."

"तातांग, गोष्ट माझ्या हातात नाही. मी नुसता काढणारा."

"मग नुसता सज्जन काढून दाखव."

सान्तो माझ्या गोठ्यात रेड्यापाशी येऊन बसला. गोष्ट बदलली तर काम जाणार, नाही बदलली तर फेलिसा. आणि काम गेलं तरी बिनकामाच्या माणसाला तातांग मुलगी देणार नव्हताच. "दोन्हीकडून कुऱ्हाड माझ्याच पायावर," असं काहीतरी तो बोलत होता, तेवढ्यात फेलिसा आली. पदराआड, म्हणजे तिच्या खांद्यावरच्या रुमालाआड, भिंतीवरचा आरसा.

"गोष्ट बदलू नको. तोंड बदल," ती म्हणाली.

"कुणाचं घालू? गावात ज्याचं घालीन तो मला झोडपेल."

फेलिसाने आरसा त्याच्यापुढे धरला. "हा नाही झोडपणार."

सान्तो बघतच राहिला. मग हसला, आणि मला म्हणाला, "गाल जरा लोंबवले तर जमेल, नाही?"

पण एका अंकात चेहरा पालटला असता तर संपादकाने पानं परत धाडली असती. म्हणून एका अंकात चामखीळ गेली, तेवढ्यावर तातांगने सान्तोला अंगणात राहू दिलं. पुढच्यात मिशा विरळ झाल्या. मग डोक्यावर टक्कल आलं, कान बाहेर आले, कारण सान्तोचे कान म्हणजे सुपं. शेवटी हनुवटीवरची त्याची खळी. मनिलात कुणाला पत्ता लागला नाही. आमच्या बाकावर आम्बो एक दिवस वाचता वाचता थांबला, पान लांब धरलं, जवळ धरलं.

"अरे, हा तर सान्तो! म्हातारा झालेला!"

त्या दिवसापासून सान्तोचे हाल सुरू. पोरं ओरडायची, "सेवेरो, पोरीला सोड!" मासेवालीने तर त्याला शिळा बांगडा दिला आणि वर म्हणाली, "आधी मिलाग्रिताचं लग्न लाव, मग ताजा मिळेल." सान्तो गुमान तोच बांगडा घेऊन तातांगच्या अंगणात आला आणि कुऱ्हाड उचलली.

तातांग दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याने दोरीवरचं कॉमिक काढलं, पायरीवर बसला आणि पहिल्यांदाच स्वतः वाचलं, बोट फिरवत, हळूहळू. मध्येच त्याचं पोट हलायला लागलं. मिशांतून असं हसू फुटलं की बदकं पळाली.

"हे कान कुणी रे सांगितले काढायला?"

"माझेच आहेत, तातांग."

"ते दिसतंय." तो उठला, सान्तोच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि दाराआड ठेवली. "तुझ्या बापाला रविवारी घेऊन ये. केळीच्या पानातला सुमान-भात मी शिजवून घेतो. आणि तो बांगडा फेकून दे, घाण मारतोय."

लग्नानंतर सान्तोने कितीतरी वर्षं प्रेमाच्या गोष्टी काढल्या. पुढे लोक रेडिओकडे आणि सिनेमाकडे वळले, तेव्हा तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. पण पाटीवरच्या साबणाच्या बाईचे केससुद्धा तो कुंचल्यानेच काढी, एकेक बट.

आणि खरी गंमत तर पुढेच. वय झालं तसं त्याला टक्कल पडलं, गाल लोंबले, आणि तो तंतोतंत सेवेरो दिसू लागला! स्वभावही तसाच. त्याच्या धाकट्या मुलीला मागायला दोमेंग नावाचा जीपचालक आला, तर सान्तोने त्याला कुऱ्हाड दिली आणि असा ओंडका दाखवला की बघूनच खांदा दुखावा. मी तिथंच बसलो होतो. दोमेंग घाव घालतोय, सान्तो भुवई वर करून मोजतोय.

फेलिसा आत गेली, भिंतीवरचा आरसा काढला आणि नवऱ्याच्या मांडीवर आणून ठेवला.

सान्तोने त्यात पाहिलं. लोंबलेला गाल चाचपला. मग ओरडला, "ए दोमेंग, ठेव ती कुऱ्हाड! गाडी चालवतोस ना? हात सांभाळ."

तो ओंडका अजून अंगणात आहे. मी गेलो की त्यावरच बसतो.