निजामभाईचे दोन अंगठे

नेरच्या बस स्टँडमागे निजामुद्दीनचं दुकान आहे. पाटीवर अजून 'शिलाई मशीन दुरुस्ती' लिहिलेलं, आणि आत बघाल तर नुसते उघडे पडलेले प्रिंटर! तीस वर्षं त्याने शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. लोक रेडिमेड घालायला लागले तसा हा पठ्ठ्या प्रिंटरकडे वळला. शिकला कुठे? कुठेच नाही. यंत्र म्हटलं की त्यात काहीतरी फिरतं आणि काहीतरी अडकतं, एवढीच त्याची विद्या. खोड मात्र एक आहे. यंत्राला हात लावायच्या आधी घरच्यांना शंभर प्रश्न विचारणार. गिऱ्हाईक वैतागलं तरी याच्या कपाळावर आठी नाही.

त्या सकाळी तो दहाच्या बसने तांड्यावर उतरला, तो उज्ज्वलाने फोन केला म्हणून. उज्ज्वलाने घराच्या पडवीत झेरॉक्स-प्रिंटचं दुकान मांडलं होतं, तांड्यातलं पहिलंच. लॅपटॉप कोरा, वहीएवढा पातळ. प्रिंटर जुना, पण धडधाकट. अन् तीन दिवस झाले, दोघांचं जुळेचना. स्क्रीनवर आपलं एकच, 'प्रिंटर ऑफलाइन'. लॅपटॉप परत करायची मुदत आज संपत होती आणि नवरा लखन पिशवी घेऊन तयारच बसला होता.

"दोनच्या बसनं यवतमाळले वापस नेऊन देतो. संपला विषय," तो म्हणाला.

दुकानाची पाटी उज्ज्वलाने स्वतःच्या हाताने रंगवली होती, ती भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती. निजामभाईला ते बघवलं नाही.

"काय काय करून पाह्यलं, बेटा?"

"सगळं केलं, चाचा. बंद करून चालू केलं, ड्रायव्हर दोनदा टाकला, वायर बदलली. अजून काय करू?"

"आला तवा चालत होता?"

"आला त्या रात्री लावलाच नाही. सकाळी याडीनं पूजा केली, मंग लावला."

याडी म्हणजे सासू, लालीबाई. ती दारात बसली होती, हातात तांदळाचं सूप. निवडणं कधीच झालं होतं, तरी बोटं चालूच होती. निजामभाईने तिला रामराम घातला. एरवी तांडाभर आवाज जाणारी ही बाई नुसती मान हलवून खाली बघायला लागली. आता हिला काय झालं बाप्पा, असं त्याला वाटून गेलं.

लॅपटॉपच्या डाव्या बाजूला दोन बारकी भोकं, अगदी सारखी. एकात चार्जर, दुसऱ्यात प्रिंटरची वायर. निजामभाईने चार्जर काढला आणि प्रिंटरची वायर चार्जरच्या भोकात खुपसली. प्रिंटर घरघरला!

"अगं माय!" उज्ज्वला उठूनच उभी राहिली.

"म्हणजे प्रिंटर चांगला, वायर चांगली. खराबी त्या दुसऱ्या भोकात हाय," निजामभाई म्हणाला. त्याने लॅपटॉप पुरता बंद केला, मोबाइलची बॅटरी लावली आणि डोळा भोकाला भिडवला. मग खिशातून बांबूची कोरलेली काडी काढली, तीच, जिने तो मशिनीतला दोरा काढायचा. हळूच फिरवली, आणि तळहातावर तांदळाची कणी पडली. कुंकवाने लालभडक.

"काय निघालं?" लखन पुढे झुकला.

निजामभाईने मूठ मिटली. दारातली बोटं थांबली होती.

"कचरा होता. निघते कधी कधी."

वायर पुन्हा तिच्या जागी बसली, आणि पहिला कागद निघाला तो लालीबाईच्याच हयातीच्या दाखल्याचा अर्ज. उज्ज्वला नाचायचीच बाकी होती. लखनने पिशवीची घडी केली आणि पाटी सुलटी केली.

चहा पिऊन निजामभाई निघाला, तर दारात लालीबाईने हात पुढे केला.

"दे."

"काय, याडी?"

"माहा तांदूळ."

तिचे डोळे भरले होते. "तीन रात्री झोपली नाई मी. मायाच हातानं पोरीचं दुकान बुडवलं वाटे. पण बोलू कशी? लखन लय मोठ्यानं बोलते."

तो काही म्हणायच्या आत ती वळली आणि नेहमीच्या आवाजात गरजली, "उज्ज्वले, कचरा नव्हता तो! माया पूजेचा तांदूळ होता!"

लखन आईकडे बघतच राहिला. मोठ्याने बोलायला त्याने तोंड उघडलं खरं, पण हसूच फुटलं. उज्ज्वला तडक आत गेली. लालीबाईचा चेहरा उतरला. पोर रागावली, झालं.

उज्ज्वला बाहेर आली ती कुंकू-तांदळाचं ताट घेऊन. तिने लॅपटॉपच्या दोन्ही वायरी काढल्या, झाकण बंद केलं आणि ताट सासूच्या हातात दिलं.

"लावा, याडी. तवाची पूजा अर्धीच राह्यली."

लालीबाईने घाईघाईने चिमूटभर तांदूळ उचलले. चार दाणे इकडे, चार तिकडे सांडत होते.

"थांबा, थांबा!" निजामभाई ओरडला. चपला काढून तो परत आत आला, लॅपटॉपसमोर बसला आणि दोन भोकांवर दोन अंगठे घट्ट दाबून धरले.

"हं, आता करा पूजा."