वर्ना स्टकीनं टाइप केलेला चौथा परिच्छेद

वर्ना स्टकी वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली, माझ्याच खोऱ्यातली. वॉशिंग्टनात ती अध्यक्षांच्या सहीला जाणारे गुप्त हुकूम टाइप करायची. कुठल्या देशाशी गोडी करायची, कुठल्यावर फौज घालायची, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. मी त्याच इमारतीच्या तळघरात, टाकाऊ कागद जाळायच्या भट्टीवर. टाइपाची फीतसुद्धा तिला रोज तिजोरीत ठेवावी लागे. फितीवर अक्षरं राहतात ना. बाई स्वतःच तिजोरी होती. तिजोरीला दार तरी असतं.

खात्याचा दंडक असा, की कागदात जे आहे त्यावर बाहेर कुणी विचारलं तर हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. बाकीच्या पोरी घरी गेल्या की माणसासारखं बोलायच्या. हिच्या हाडात तो दंडक मुरलेला. नवरा हार्लन चिडवायचा, "हिला इचारा, घेवड्यात मीठ हाय का. सांगायची न्हाई. सरकारी गुपित हाय!"

एका गुरुवारी तिनं एक हुकूम टाइप केला. चौथ्या परिच्छेदात होतं, अमुक पलटण महिनाअखेर परक्या किनाऱ्यावर उतरवावी. पलटण तिच्या एकुलत्या पोराची, ड्वेनची. त्याची नोकरी त्याआधीच, बारा दिवसांत संपत होती. हे मला पुष्कळ पुढं कळलं.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ड्वेनचा फोन आला. पोराचा आवाज बैलासारखा, टेबलापर्यंत ऐकू येई.

"आये, सायेब म्हनतोय आनखी दोन वरसांची सही कर. पलटण बेटावर जानार, नुसती मासे मारायची चैन हाय म्हनं. करू का?"

नको म्हटलं असतं तर भागत होतं. कारणही कुणी विचारलं नसतं. आया पोरांना उगीचच नको म्हणतात. पण नको म्हटलं की कागद फुटला, असं तिच्या डोक्यात.

"तुजं तू बघ, लेकरा. पायमोजे हायत का?"

"पायमोजे! आगं, मी सहीचं इचारतोय!"

"तुजं तू बघ."

त्यानं बघितलं. चार महिन्यांनी पेटी आली. लष्करानं उघडू दिली नाही.

पुढं सव्वीस वर्षं हार्लन सरकारला पत्रं लिहीत राहिला, माझ्या पोराला कुणी धाडलं तो कागद दाखवा. एकदाचा हुकूम खुला झाला, लिफाफा आला. निम्म्या ओळींना काळं फासलेलं. चौथा परिच्छेद मात्र लख्ख. वर तारीख. आणि खात्याच्या रीतीप्रमाणं खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणारीच्या नावाची आद्याक्षरं.

हार्लननं तो कागद तिच्या ताटाशेजारी ठेवला. तेव्हाही मी जेवायलाच होतो.

"ह्यो गुरवारचा हाय. फोन रविवारी आलता. वर्ने, ह्ये तू टाइप केलंस?"

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. मक्याच्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसली.

"आजून बी?" हार्लन म्हणाला.

ताट उचलून तो मागच्या पायरीवर गेला. मरेपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, तिथंच जेवला. बर्फ पडलं तरी, अंगावर कोट घालून. वर्ना वाढून झालं की दार उघडं ठेवायची. तो बाहेरून ओढून घ्यायचा.