नुसतं कुंपणच

परमेश्वराने सृष्टी निर्माण करण्याआधी माझ्या बायकोच्या मामांना एकदा विचारायला हवं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्याचे बरेच श्रम वाचले असते. मखमलाबादला मामांचा दोन एकरांचा मळा. मेथी, कोथिंबीर आणि कडेला झेंडू. त्या मळ्याबाहेर जगात जे जे उगवतं ते कुणीतरी चुकीचंच लावलेलं आहे, यावर त्यांचा ठाम विश्वास. आमच्या लग्नात हार घालून घ्यायला मी मान वाकवली, तर मामांनी मधेच हात घालून फुलं दाबून पाहिली आणि भर मांडवात विचारलं, "झेंडू परवाचा हे. कोणाकडून घेतला?" भटजीही थांबले. माझ्या वडिलांना दवाखान्यात भेटायला आले, ते वडिलांपर्यंत पोचलेच नाहीत. आवारातल्या हिरवळीत त्यांना लव्हाळा दिसला. भेटीची वेळ संपेपर्यंत तो उपटत बसले आणि "आता बरं वाटंल" असं रखवालदारालाच सांगून घरी गेले.

मामी गेल्या आणि हे सगळं ऐकून घेणारं मळ्यात कोणी उरलं नाही. एकुलता एक मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेत, अॅरिझोनात. नवं शतक नुकतंच लागलं होतं, तेव्हा मामा सत्तरीला टेकलेले. "पोराला घेऊनच येतो," असं मळ्यापासून बाजारापर्यंत सगळ्यांना सांगून ते विमानात बसले. पिशवीतलं खुरपं विमानतळावर काढून घेतलं, तेवढ्यावरून तिथे अर्धा तास भांडले. सहा महिन्यांसाठी गेलेले मामा दीड महिन्यात परत आले, एकटेच.

मुलाचं काय झालं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. मामा तशी संधीच देत नव्हते. मुलाने दाखवायला नेलेलं निवडुंगांचं राखीव रान, एवढा एकच विषय. "चालून चालून पाय मोडले, अन् बघतो तर काय, नुसतं कुंपणच! म्हटलं, शेत कुठंय? शेत नायच! कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ना, ते तिथं जाऊन बघा." आपण बांधावर लावतो तो निवडुंग तिथलं सरकार पहारा ठेवून राखतं आणि वर तिकीट लावून दाखवतं, याचा त्यांना मनापासून राग होता. दोन-तीन पुरुष उंच निवडुंग, पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून उभे. त्यांतच भोकं पाडून राहणाऱ्या सुतारपक्ष्याला मामांनी मराठीतून झापलं होतं, "बाबा, दुसरं झाड नाय मिळालं तुला?" हाताएवढ्या लांब कानांचा ससा पाहून तर ते म्हणाले होते, "ससा का गाढव, एक काय ते ठरवा." मामा हे बाजारात सांगायला लागले की गिऱ्हाइकं भाजी घ्यायची विसरत. आम्हीही हसायचो, पण मला ते हसू टोचत असे.

एका संध्याकाळी मी मळ्यावर गेलो. मामा एकटेच मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मीही शेजारी बसलो. ते आपणहून बोलू लागले.

"जावईबापू, या पोराला लहानपणी मेथी कोणती, शेपू कोणता, कळत नव्हतं. मी लय बोलायचो त्याला. तिथं रानात त्यानं मला एकेक निवडुंग नावानिशी सांगितला. कोणता कधी फुलतो, कोणत्यात कोणतं पाखरू राहतं. नात बोट धरून सोबत. दर रविवारी जातात म्हणे. वाटेत कासव आडवं आलं, तर ते पार होईस्तोवर दोघं बापलेक उन्हात उभे. मी मळा दाखवतो ना लोकांना, तसंच दाखवत व्हता."

त्याच दिवशी मुलाला विचारायचं, 'घरी चल' म्हणायचं, असं मामा ठरवून गेले होते. काय बोलायचं ते मनात घोकूनही ठेवलं होतं. ते सगळं तसंच परत घेऊन आले.

मला फार वाईट वाटलं. "एकदा विचारायचं तरी होतं, मामा," मी म्हटलं.

हातातली जुडी त्यांनी पुरती बांधून बाजूला ठेवली.

"इचारलं असतं," ते म्हणाले, "तर आला असता ना तो."