भोंगा वाजवणारा ‘तो’च का?

मंडळी, कॉलेज सुटल्यापासून आपल्या या ई-मेल गटावर मी क्वचितच लिहिते. आजचं मात्र सांगायला हवं.

बोईसरच्या आमच्या कारखान्यात सकाळी वायुगळतीचा सराव झाला. नवापूरची वैशाली ही आमच्याकडे पाळीत कामाला लागलेली पहिलीच मुलगी, अजून शिकाऊ. खोटी गळती तिलाच आधी दिसली. पण भोंगा वाजवायचा सोडून ती पुरुष ऑपरेटरला शोधत धावली.

“हिला पाळीवरून काढा,” सुपरवायझर म्हणाले.

“इंग्रजी सूचनेत ‘ही’ हाय, म्हंजे तो,” वैशाली म्हणाली. “मना वाटला, बायांनी भोंग्याला हात लावायचा नाय.”

ती सूचना मी लिहिली होती. मी ‘ही’ऐवजी दोघांनाही लागू होणारं ‘दे’, म्हणजे ‘ते’, घातलं होतं. मॅनेजरसाहेबांनी ते बदललं, कारण त्यांच्या मते एका माणसाला अनेकवचन चालत नाही. त्यांचं इंग्रजी चोख आहे.

सराव बघायला आलेल्या साहेबांना मी म्हटलं, “साहेब, तुम्ही एकटेच येता, तरी आम्ही ‘साहेब आले’ म्हणतो.”

ते मोठ्यानं हसले. “मला चालतं, तर वैशालीलाही चालेल. चूक माझी आहे. ती पाळीवरच राहील.” हे सगळ्यांसमोर, सुपरवायझरकडे बघत.

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. पण साहेबलोकांनी आपलं मत असं उघडपणे बदललेलं तुम्ही कधी पाहिलंय?

दुपारी पुन्हा सराव झाला. वैशालीनं भोंगा इतका वेळ वाजवला की साहेबांनाच म्हणावं लागलं, “पुरे गं बाई, पुरे!”