अय्यार आणि ऐयार

त्या काळी रविवारी सकाळी टीव्हीवर तिलिस्माची, म्हणजे जादूनं भारलेल्या भुयारी वाड्यांची, एक हिंदी मालिका लागायची. गुप्त दरवाजे, बोलणारे दगडी पुतळे आणि क्षणात वेष पालटणारे राजाचे हेर. त्या हेरांना मालिकेत म्हणत ऐयार.

मंगळवार पेठेतल्या किराणा दुकानवाल्या शशिधर भुसाऱ्याच्या घरात त्या एका शब्दानं घोळ घातला. हे लोक कर्नाटक सीमेकडचे लिंगायत. त्यांच्याकडं जंगमस्वामींना, म्हणजे गुरूंना, म्हणतात अय्यार. त्यामुळं पडद्यावर ऐयार आला रे आला की शशिधरची आई गंगव्वा डोईवर पदर ओढून हात जोडायची.

तिची सून, शशिधरची बायको दानम्मा एकदा म्हणाली, "अत्ती, हे आपलं अय्यार न्हवंत."

"गप बस. कपाळावरचं भस्म दिसंना व्हय तुला?"

भस्म होतं, खरं आहे. त्या भागात हेर गोसाव्याचं सोंग घेऊन किल्ल्यात शिरला होता.

दानम्मा चांदीकामाच्या हुपरीची. माहेरी पैंजणांना घुंगरू जोडता जोडता हिंदीच्या परीक्षा देऊन बसलेली. ही मालिका एका जुन्या जाडजूड हिंदी कादंबरीवरनं काढलीय आणि तिचे भाग पेठेच्या वाचनालयात धूळ खात पडलेत, हे तिला ठाऊक होतं. पण शशिधर हात जोडायचा, "वाचू नको बाई. वाचलंस की तुझ्या पोटात राहायचं न्हाय. शेवट कळल्यावर रविवारी बघायचं काय, माझं तोंड?" त्याचंही बरोबर होतं. भाग संपताना कुणाच्या तरी गळ्याशी आलेली तलवार आठवडाभर तशीच राहते, त्यातच गंमत होती. म्हणून ती थांबली.

पण एक गोष्ट तिला खुपत होती. मालिकेत राणीची एक दासी होती, केवडा. प्रत्येक कुलूपबंद खोलीत ती हजर, आणि हजर झाली की रडणार. आत आली कशी, हे काही दाखवत नव्हते. पैंजणाची फिरकी उघडझाप करून बोटं झिजवलेल्या बाईला असलं अर्धवट काम बघवत नाही.

मग एका रविवारी त्या भस्मवाल्या ऐयारानं दारूचा पेला तोंडाला लावला. गंगव्वानं हंबरडा फोडला. धाकटा मुलगा संगमेश तरुण मंडळाचा अध्यक्ष, त्याला निमित्तच पाहिजे होतं. दुपारपर्यंत ठरलं: आमच्या अय्यारांची बदनामी झाली. दिल्लीचा टीव्ही काही हाताला लागत नाही, पण पुस्तक पेठेतच आहे. पुढच्या रविवारी चौकात ते जाळायचं. बातमीदारांनाही सांगून झालं.

"भावजी, वाचलंय का त्यातलं काय?" दानम्मानं विचारलं.

"दूध नासलंय हे प्यायल्यावरच कळतंय व्हय, वैनी?"

"वास तरी घ्यायला लागतोय की. पुस्तक हातात धरलंय कधी?"

संगमेश हसला आणि पोरांकडं वळला. जाळायला वाचावं लागत नाही, काडीपेटी पुरते. दानम्माच्या डोक्यात सणक गेली. आठ दिवसांनी पुस्तकच राहणार नाही, आणि आपण शेवट फुटेल म्हणून थांबलोय. हातातलं पीठ तसंच झटकून ती वाचनालयात गेली.

ग्रंथपाल पिराजीनं पेन उघडलं. "सभासद कुणाला करू? मालकांचं नाव सांगा."

"दानम्मा."

"ते तुमचं झालं. मालकांचं?"

"मालक वाचणार न्हाईत. मी वाचणार हाय."

पहिला भाग तिनं चुलीपुढं बसून वाचला आणि थंड भाकरीवर घर निभावलं. पुस्तकातली केवडा रडत नव्हती. तीच सगळ्यांत तरबेज ऐयार होती. केसातल्या आकड्यानं कुलूप काढायची, कोतवालाचा वेष दाढीसकट घ्यायची. टीव्हीवाल्यांनी तिची विद्या काढून घेतली होती आणि हातात रुमाल दिला होता.

पिराजीनं वाचनालयातले भाग द्यायला नकार दिला आणि पहिला वैनीकडं असल्याचं सांगितलं, तसा शनिवारी संगमेश पुस्तक मागायला घरी आला. दानम्मानं त्याला ऐयारचा अर्थ सांगितला, सोंगं घेऊन चोऱ्यामाऱ्या करणारा हेर, आणि केवडा कुलूप काढते ते पान उघडून दाखवलं. त्यानं वाचलं, मान खाली घातली.

"कळलं मला. शब्दच येगळा हाय. पण आता माघार घेतली तर पेठेत तोंड कसं दाखवू? द्या हिकडं."

शशिधर कुजबुजला, "दे की गं. घरात भांडण नको."

"तुमच्या तोंडापायी माझं पुस्तक जाळायचं? त्यापरीस तोंड धुवून या, भावजी."

गंगव्वा कोपऱ्यातनं म्हणाली, "मग मी इतकं दिवस हात कुणाला जोडत हुते?"

"चोराला, अत्ती."

म्हातारीचा चेहरा पडला. तिनं हातातली जपमाळ बाजूला ठेवली. मग धाकट्यावर खेकसली, "झालं ते झालं. ती केवडा कुलूप काढती कशी, ते ऐकू दे मला. तू जा भायेर."

रविवारी चौकात जाळ झालाच. शशिधरच्याच दुकानातली रद्दी पेटवली. बातमीदारांनी फोटो काढले, कुठलं पुस्तक म्हणून कुणी विचारलं नाही. संगमेशनं वैनीच्या हातचं जेवण सोडलं. तिनं ताट वाढायचं सोडलं नाही. खायचं तर खा.

पहिला भाग सासूला वाचून दाखवून झाला तशी दानम्मा दुसरा आणायला गेली. मंडळाची पोरं चौकातच बसली होती. पिराजीनं हळूच विचारलं, "वैनी, पिशवीत घालून देऊ का? झाकून जाईल."

"कशाला? चोरलंय व्हय मी?" दानम्मा म्हणाली, आणि पुस्तक छातीशी धरून चौकातनंच घरी निघाली.