तीन नंबरचे घड्याळ आणि जवंजाळ सर

निवृत्तीनिमित्तच्या गौरव समितीने काढलेल्या पत्रकात असे छापले आहे की प्रा. त्र्यंबकराव जवंजाळ सर मला शोधत सायकलवर चिखलीला आले. ते बरोबर नाही. सर एस.टी.ने आले होते आणि मला शोधत तर मुळीच आले नव्हते. त्यांच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेले वीज मोजण्याचे एक नाजूक यंत्र होते, आणि बुलढाण्यात ते उघडायला कोणी धजत नव्हते. चिखलीच्या बाजारात मी तेव्हा शिवणयंत्रे, तराजू आणि घड्याळे दुरुस्त करीत असे. कोणीतरी माझ्या दुकानाकडे बोट दाखवले, एवढेच.

गिऱ्हाईक वस्तू टाकून बाजार करायला जाते. सर गेले नाहीत. माझ्यासमोर उकिडवे बसून दीड तास माझे हात पाहत राहिले.

"कुठे शिकलात हे?"

"उघडून."

"शाळा?"

"मराठी चौथी."

"उघडलेलं पुन्हा लागतं का सगळं?"

"बसा, तुमच्यासमोरच लावतो."

यंत्राचा काटा हलला तेव्हा सर म्हणाले, "आमच्या कॉलेजात उघडण्यासारखं पुष्कळ आहे. येता का?" तोपर्यंत मला सगळे जण "अबे मिस्त्री" म्हणूनच हाक मारीत. 'तुम्ही' म्हणणारे सर पहिलेच. त्या महिन्याअखेर मी बुलढाण्याला त्यांच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून रुजू झालो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि कॉलेज तर त्याहूनही नवे. बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतून पहिल्या गाडीने येत. घरातले कोणी कॉलेजात गेलेले नसे, त्यामुळे कोणाला काय विचारावे हेही त्यांना कळत नसे. प्रॅक्टिकल अकरा ते दोन. एकदा आठवड्याभरात तीन थर्मामीटर फुटले. मी नावानिशी, वेळेनिशी तक्रार लिहून सरांकडे दिली. सरांनी नावे वाचलीच नाहीत, वेळा वाचल्या. तिन्ही साडेबाराच्या पुढच्या. "पोरं पहाटे निघतात हो," ते म्हणाले, "हात थरथरेल नाही तर काय होईल?" दुसऱ्या दिवसापासून सव्वाबाराला वीस मिनिटांची सुट्टी सुरू झाली. व्हरांड्यात सर स्वतःचा डबा घेऊन मुलांच्या पंगतीत बसत. कोणाकडे डबा नाही हे त्यामुळे आपोआप दिसे, आणि त्याच्यापुढे भाकरी कोणी ठेवली ते कोणाला दिसत नसे. त्यानंतर त्या वर्षी एकच थर्मामीटर फुटला. तो माझ्या हातून.

मुलांच्या प्रयोगवह्या तपासण्याची सरांची रीत निराळी होती. इतर प्राध्यापक आधी उत्तर पाहत, सर आधी खोडलेले पाहत. वहीत रबर चालवायचा नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता आला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मेहकरकडच्या एका मुलाच्या खोडाखोडीत मोजपट्टीवरच्या बारीक रेघांचेच आकडे पुनःपुन्हा चुकत होते. सारे त्याला वेंधळा म्हणत. सर त्याला थेट सरकारी दवाखान्यात डोळे तपासायला घेऊन गेले. चष्मा लावून तो मुलगा आला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेरच्या कडुनिंबाकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. म्हणाला, "सर, याले सुटी सुटी पानं हायत."

आता जे सांगायचे आहे ते सांगतो. त्यात माझी चूक आहे, म्हणूनच ते तंतोतंत सांगणे भाग आहे.

देऊळघाटची कुसुम ही आमच्या विज्ञान शाखेतली त्या वर्षीची एकुलती एक मुलगी. वडील नामदेवराव माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, मळा करीत आणि माल बुलढाण्याच्या बाजारात विकीत. एक वर्ष शिकून पाहा, जमले नाही तर घरी, असा बापलेकीत ठराव होता. वार्षिक परीक्षेआधी कॉलेजची चाचणी असे. तिच्यात नापास झालेल्याचा विद्यापीठाचा फॉर्म जात नसे.

चाचणीत कुसुमला लंबकाचा प्रयोग आला. दोऱ्याला टांगलेला गोळा झुलवायचा, कळ दाबून चालू-बंद करायच्या घड्याळाने वेळ मोजायची आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. तो नऊशे ऐंशीच्या आसपास यावा लागतो, आणि जुन्या वह्यांवरून तो सगळ्या मुलांना पाठ असे. कुसुमचे उत्तर एक हजार वीस आले. परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापकांनी पुन्हा करायला सांगितले. तिने पुन्हा केले आणि पुन्हा तेच लिहिले. प्राध्यापकांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी मला विचारले, "घड्याळ बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "तीन नंबरचं आहे. मी स्वतः दुरुस्त केलंय. पोरगी चुकली असेल."

घड्याळ हातात घेऊन न पाहता मी हे म्हणालो.

यादी लागली, तीत कुसुमचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी नामदेवराव दाखला मागायला आले. बापलेक ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेले सरांनी पाहिले. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत, पण मूळचे या मातीतलेच.

"काऊन नामदेवराव, आज बाजार सोडून इकडे?"

"पोरीले घेऊन जातो सर. एक साल पाहू म्हटलं होतं. पाह्यलं."

"तिचं काय म्हणणं आहे?"

"तिले काय इचारता? कालपासून भाकरीले हात नाही लावला तिनं."

कुसुम खाली पाहतच बोलली, "बा, मी जे दिसलं तेच लिहिलं. दुसरं काय लिहू?"

सर म्हणाले, "नामदेवराव, एक तास बसता? दाखला काही पळून जात नाही."

"बसतो. वांगे तं आता सुकलेच."

सरांनी तिची वही मागवली आणि मला नोंदवही आणायला सांगितली. कोणत्या दिवशी कोणते साधन कोणाच्या हातात होते, याची नोंद मी रोज करीत असे, आजही करतो. दिवाळीच्या सुट्टीत घड्याळ दुरुस्त झाल्यापासून बावीस मुलांनी ते वापरले होते. सरांनी बावीसही वह्या काढल्या. प्रत्येकाचे उत्तर नऊशे अठ्ठ्याहत्तर ते नऊशे ब्याऐंशी. मला हायसे वाटले. म्हटले, "पाहा सर, बावीस जणांचं बरोबर आलं."

"हो," सर म्हणाले, "आणि बावीस वह्यांत एकही खोडलेला आकडा नाही. तीन नंबर आणा."

प्रयोगशाळेत आम्ही दोघेच होतो. सरांनी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि त्याच्या सेकंदकाट्याबरोबर तीन नंबर सुरू केले. त्यांच्या घड्याळात दहा मिनिटे झाली तेव्हा तीन नंबरात नऊ मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते. पुन्हा लावले. पुन्हा बारा सेकंद. तिसऱ्यांदा मीच लावले. तेच. घड्याळ मंद असले की वेळ कमी भरते आणि उत्तर फुगते. फुगून ते हजार-वीसवरच येते, हे सरांनी कागदावर मांडून दाखवले.

दुरुस्तीनंतर मी ते घड्याळ एकच मिनिट तपासले होते. एका सेकंदाचा फरक आला होता, तो मी कळ दाबणाऱ्या माझ्या अंगठ्याच्या माथी मारला होता. त्या मंद घड्याळातून बावीस मुलांनी बरोबर उत्तर काढले, कारण ते त्यांना आधीच ठाऊक होते. जिने खरे लिहिले ती दाखल्यासाठी बाकावर बसली होती.

सर माझ्याकडे पाहत नव्हते. कागदाची घडी घालीत म्हणाले, "प्राचार्यांना मी सांगतो, साधनात दोष होता. विभाग माझा, जबाबदारी माझी. दुरुस्ती कोणी केली हे मी काढणार नाही."

हे ते सहज करू शकले असते, आणि मी गप्प बसू शकलो असतो. पण ज्यांनी दीड तास बसून माझे हात पाहिले होते, त्यांच्यासमोर ते जमेना. मी उठून बाहेर गेलो आणि बापलेकीला सांगितले की घड्याळ मंद होते, ते मी बसवले होते, आणि न पाहता मुलीला चूक ठरवणाराही मीच.

नामदेवरावांनी मला आपादमस्तक पाहिले. "माह्या तराजूत एवढा फरक असता, तं बजारात लोकायनं डोस्कं फोडलं असतं माहं."

"हो, फोडलं असतं."

"मंग तुमचं कोन फोडते?"

"बा, जाऊ दे," कुसुम म्हणाली. मग मला म्हणाली, "दुसरं घड्याळ देता का? मी परत करते."

एक नंबरच्या घड्याळावर तिचे उत्तर नऊशे शहात्तर आले. तीन आकडे तिने खोडले होते. तिचा फॉर्म गेला. आज त्या चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवतात.

खरा पेच पुढेच होता. त्या बावीस जणांचे फॉर्म अडवावेत, असे काही प्राध्यापकांचे म्हणणे पडले. बैठकीत कागदपत्रे घेऊन मी उभा होतो, म्हणून सरांचे शब्द मला नेमके आठवतात. "उत्तराला गुण आपण देतो, मग मुलं उत्तरच आणून देतात. ती लबाड नाहीत, घाबरलेली आहेत. नापास करायचं तर आधी आपल्याला करू." कोणाचाच फॉर्म अडला नाही. नंतर सरांनी त्या सर्वांकडून तीन नंबरवरच प्रयोग पुन्हा करून घेतला. एक हजाराच्या वरचे आकडे फळ्यावर चढू लागले तशी मुले हसू लागली, आणि आधीचे आकडे कुठून आणले ते एकेक जण आपणहून सांगू लागला. पुढच्या वर्षापासून कॉलेजच्या चाचणीत मोजण्याला गुण जास्त आणि उत्तराला कमी, असे ठरले.

सरांचा एक दोष लिहिल्याशिवाय लेख खरा होणार नाही. घेतलेला स्क्रू-ड्रायव्हर ते कधीही जागेवर ठेवीत नाहीत. माझे चार अजून यायचे आहेत.

त्या जूनमध्ये नव्या मुलांच्या प्रयोगशाळेतला पहिला तास सरांनी मला घ्यायला लावला. मी म्हटले, मी चौथी शिकलेला. ते म्हणाले, "शिकवू नका. काय झालं तेवढं सांगा." तेव्हापासून दरवर्षी मी मुलांसमोर उभा राहून माझी चूक सांगतो, सेकंदासकट. सर मागच्या बाकावर बसून ऐकतात. तास संपला की एक तरी मूल जवळ येऊन हळूच विचारते, "सर, माझं चुकलं तर चालंल ना?" त्याचे उत्तर मी देत नाही. मागच्या बाकाकडे हात दाखवतो.

सर साठ वर्षांचे होत आहेत आणि निवृत्तही होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे सगळेच लिहितील. माझे मागणे नेमके आहे. दर जूनमध्ये देऊळघाट नि मेहकरकडून नवी मुले येत राहतील, आणि तो प्रश्न विचारीत राहतील. निवृत्तीनंतरही मागच्या बाकावर बसून त्यांना उत्तर देण्याइतकी सरांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि अशी जितकी वर्षे मोजता येतील तितकी मोजायला आम्हीही असो.