काढणाऱ्याचा रकाना

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत जिन्याखालून वाकून गेलं की एक लांबट खोली लागे, आणि त्या खोलीत सव्वीस वर्षं एकच बाई बसत आल्या होत्या. सगळे त्यांना रेकॉर्डबाई म्हणत. नवीन आलेले साहेबसुद्धा दुसऱ्या दिवसापासून तेच म्हणत, कारण पहिल्या दिवशी डोकं आपटलेलं असे आणि चहा बाईंनीच पाजलेला असे.

कागद लावायची त्यांची रीत कुठल्या पुस्तकात सापडली नसती. नव्या माणसाला वाटे, पंपाच्या क्रमांकाने लावले असतील, नाहीतर वर्षाने. बाई कागद लावत ते मागायला कोण येणार हे बघून. दाराजवळचं कपाट फिटर लोकांचं, कारण कुठेतरी पंप बंद पडलेला असे आणि त्यांची गाडी फाटकात घरघरत उभी असे. मधली दोन विक्रीवाल्यांची. त्यांना जरा टेकून गप्पा हाणायच्या असत. अगदी शेवटचं, भिंतीकडचं कपाट भांडणाऱ्यांचं. तक्रारी, हमीपत्रं, वकिलांच्या नोटिसा, सगळं तिथे. तिथवर चालत जाईपर्यंत माणूस निम्मा थंड होतो, असं बाईंचं म्हणणं होतं आणि ते अनुभवाचे बोल होते.

मग कंपनीत सगळ्यांनी मिळून वापरायचं नवं सॉफ्टवेअर आलं. सगळे कागद त्यात चढणार, ज्याला हवं तो आपल्या टेबलावरून शोधणार, आणि मूळ कागद लगद्याला जाणार. बाईंच्या निवृत्तीला कामाचे बेचाळीस दिवस उरले होते. व्यवस्थापकांनी नेमका तोच मुहूर्त काढला. एका दगडात दोन पक्षी मारायची त्यांना जुनी खोड होती.

या कामासाठी संगणक विभागातून एक चष्मेवाली आली. दोन मुलांची आई, बोलणं भरभर, आणि डबा खातानाही एक डोळा पडद्यावर. बाई रुसून बसतील, कपाटाच्या किल्ल्या लपवतील, असं तिला वर सांगून पाठवलं होतं. तिने जपून जपून समजावलं, की नव्या पद्धतीत कागद कपाटात ठेवायचा नसतो, त्याला खुणा चिकटवायच्या असतात. कुठला पंप, कुठलं साल, कोणत्या कामाचा, कोणाच्या उपयोगाचा. कागदाबद्दलची माहिती कागदासोबत फिरते.

बाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि विचारलं, म्हणजे एकच कागद फिटरच्याही कपाटात आणि भांडणाऱ्यांच्याही, एकाच वेळी?

हो, चष्मेवाली म्हणाली.

सव्वीस वर्षं बाई याच गोष्टीसाठी झुरत होत्या. त्या दुपारी दोघींनी मिळून वर्गवारी लिहायला घेतली आणि चहा दोनदा गार झाला.

आठ दिवसांत वर्गवारी तयार झाली, सगळ्या विभागांना वापरायला दिली, आणि महिनाअखेरीस उघडून बघतात तर कंपनीत आगीची साथ आलेली. सात हजार कागदांवर एकच खूण, ‘अग्निशमन’. रजेचे अर्ज अग्निशमन, पंख्याची दुरुस्ती अग्निशमन, मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाचा फोटोही अग्निशमन. झालं होतं इतकंच, की यादी अकारविल्हे लावली होती आणि रकाना भरल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नव्हतं. मग प्रत्येकाने वरचं पहिलं नाव दाबलं आणि जेवायला गेला. चष्मेवालीने कपाळाला हात लावला. बाई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्या म्हणाल्या, माणसाला कपाट दाखवू नकोस, तू कशाला आलास ते विचार. दोघींनी यादी नव्याने केली. आता यंत्र विचारू लागलं, हा कागद उद्या कोण शोधेल? तेव्हा कुठे आग विझली.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग ड्रॉइंग चढवायची पाळी आली.

जुन्या पंपांची चार हजार ड्रॉइंग ठेकेदाराच्या माणसाने स्कॅन करून भराभर चढवली होती. बाईंनी पहिलं उघडलं. पंप पस्तीस वर्षांपूर्वीचा, आणि ‘काढणारा’ या रकान्यात नाव ठेकेदाराच्या माणसाचं. दुसरं उघडलं, तेच. चष्मेवालीने सांगितलं, तो रकाना कोणी भरला नाही तर यंत्र आपोआप चढवणाऱ्याचं नाव घालतं. बाई म्हणाल्या, हा पंप काढला तेव्हा तो पोरगा पाळण्यातसुद्धा नव्हता.

त्या ड्रॉइंगवर बहुतेक ठिकाणी नुसत्या आद्याक्षरांचा फराटा होता, कित्येकांवर तोही पुसट. पण बाईंना हात ओळखू येत. जिन्याच्या वरच्या अंगाला पूर्वी ड्रॉइंग हॉल होता, बारा तिरप्या फळ्यांचा. उन्हाळ्यात घामाचा थेंब ट्रेसिंगवर पडू नये म्हणून मनगटाखाली रुमाल, चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची, आणि कोपऱ्यातल्या प्रिंट काढायच्या यंत्राचा नाक झोंबणारा वास थेट जिन्याखाली उतरायचा. तिथे मास्तर होते, बाणांची टोकं कोरून काढणारे. पावशेर होता, ज्याच्या रेषाही त्याच्याइतक्याच बारीक. डावखुरा होता, त्याची शाई नेहमी उजवीकडून पुसटलेली. आणि बाईंचे यजमान होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं म्हणून हॉलमध्ये त्यांना मोती म्हणत, आणि हाक मारली की फाटकावरचा कुत्राही मान वर करी. यजमान निवृत्त झाले, नऊ वर्षांपूर्वी गेलेही. बाकीच्यांपैकीही आता कोणी उरलं नव्हतं. फळ्या कधीच भंगारात गेल्या होत्या. कोणाचा हात कुठला हे सांगू शकेल असं कंपनीत एकच माणूस होतं, आणि ते बेचाळीस दिवसांनी, आता खरं तर एकवीसच, घरी जाणार होतं.

बाई व्यवस्थापकांकडे गेल्या. ते म्हणाले, नावाने का पंप चालतो? बाई म्हणाल्या, चालतो. डावखुरा मापं कडेपासून धरायचा आणि बाकीचे मध्यरेषेपासून. हात कोणाचा ते कळलं नाही, तर सुटा भाग चुकीचा कापला जातो. मागे दोनदा तसं झालंही होतं. व्यवस्थापकांना नुकसानीची भाषा पटकन कळे. त्यांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत मुदत दिली. त्यानंतर जो रकाना रिकामा असेल, त्यात यंत्र घालेल ते नाव कायम.

खरं कारण बाईंनी सांगितलं नाही. माणूस आयुष्यभर वाकून रेषा मारतो आणि शेवटी त्याच्या कामावर भलत्याचं नाव, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्या एकवीस दिवसांत बाईंनी जेवणाची सुट्टी घेतली नाही. पडद्यावर ड्रॉइंग येई, बाई म्हणत, मास्तर. पुढचं, पावशेर. पुढचं, थांब जरा, तो तीनचा आकडा मोठा कर. चष्मेवाली जुन्या हजेरीपुस्तकातून पूर्ण नाव काढून भरी. तिला बाईंनी एकच नियम घालून दिला होता. माझ्या शब्दावर विसंबायचं नाही, आधी कोपरा बघायचा. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असे आणि तिच्यात दोन घरं, ‘काढलं’ आणि ‘तपासलं’. तिथे काही खूण असेल तर तिचा मान पहिला.

बाई इतक्या कडक होत्या याला एक कारण होतं, आणि ते वरच्या फळीवर गुंडाळून ठेवलेलं होतं.

सदतीस ड्रॉइंग. ठेकेदाराच्या माणसाला ती त्यांनी दिलीच नव्हती. एकोणतीस वर्षांपूर्वी यजमान स्कूटरवरून पडले आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं दहा महिने बधिर झाली. हात गेलेल्या ड्राफ्ट्समनला कोण ठेवणार? मुलगा पहिलीत होता. सुदैवाने तेव्हाच हॉलचं छप्पर दुरुस्तीला निघालं आणि मुख्य ड्राफ्ट्समननी जुन्या माणसांना घरून काम करायची मुभा दिली. बाई लग्नाआधी ट्रेसिंगचा दोन वर्षांचा वर्ग केलेल्या. सकाळी यजमान तोंडी मापं सांगून काम समजावत, दुपारी मुलगा शाळेत असताना बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर ड्रॉइंग काढत, संध्याकाळी यजमान भिंग घेऊन रेष न् रेष तपासत. अक्षर बाईंनी हुबेहूब त्यांचं उचललं होतं. गुंडाळी घेऊन ते कंपनीत जात आणि बाईंचा जीव टांगणीला लागे. पहिल्या दिवशी परत आल्यावर बाईंनी दबकत विचारलं होतं, ‘सही केलीत?’

‘केली,’ ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

पुढे बोटं बरी झाली. ती सदतीस ड्रॉइंग पाहून मुख्य ड्राफ्ट्समन म्हणाले होते, असं काम या हॉलमध्ये पुन्हा होणार नाही. यजमानांच्या निरोपसमारंभातही त्याचाच उल्लेख झाला. तेव्हा ते खाली मान घालून बसले होते. त्यांना लाज वाटते आहे असं बाईंना वाटलं, आणि त्यांनी तो विषय घरात कधी काढला नाही. पुढे रेकॉर्डमध्ये नोकरी लागल्यावर तो गठ्ठा हाती आला, तेव्हाही त्यांनी तो न सोडताच वर टाकला. आपल्याच चोरीचा माल कोण उघडून बघतं? नवऱ्याने परक्या कामावर सही केली ती आपल्या संसारासाठी, एवढंच त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

आणि आता हा रकाना. ज्याने काढलं त्याचंच नाव, यासाठी बाई सगळ्यांशी भांडल्या होत्या. यजमानांचं नाव घातलं तर स्वतःच्याच नियमाला हरताळ. आपलं घातलं तर गेलेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडल्यासारखं. रिकामं सोडलं तर यंत्र चढवणाऱ्याचं, म्हणजे चष्मेवालीचं नाव घालणार. रात्री त्यांनी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, राहू दे ना आता, बाबांचं नाव चांगलं आहे. बाईंनाही ते पटलं. पटलं म्हणजे, झोप लागण्यापुरतं.

शेवटच्या दिवशी चार वाजता फक्त तो गठ्ठा उरला. वर निरोपाच्या भाषणांची तयारी चालली होती आणि खुर्च्या ओढल्याचे आवाज खाली येत होते. बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला, गाठ सोडली, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

‘सगळी सदतीस यांचीच आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘यांचं नाव टाक.’

चष्मेवालीने पहिलं ड्रॉइंग पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली आणि नियमाप्रमाणे खाली वाकली. ती तशीच वाकून कोपरा निरखत राहिली. बाईंना वाटलं, अक्षर बघून खूश झाली असेल.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘सरांची सही आहे, पण ती ‘तपासलं’मध्ये आहे. ‘काढलं’चं घर रिकामं आहे.’

बाई उठल्या. दुसरं ड्रॉइंग उलगडलं, तिसरं, दहावं. घाईने एक कोपरा दुमडला गेला तरी थांबल्या नाहीत. बधिर बोटांनी केलेली वाकडीतिकडी सही, दर वेळी उजव्या घरात. डावं घर सदतीसच्या सदतीस वेळा कोरं. त्या काळी मुख्य ड्राफ्ट्समननी ते बघितलं नसेल, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं असेल. सही केलीत का, एवढंच बाईंनी विचारलं होतं. कुठे केलीत, हे कधी विचारलंच नाही. तो भला माणूस एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. त्याने केलं तेवढ्यावर सही केली होती, आणि बायकोचं होतं ते घर तिच्यासाठी मोकळं ठेवून तो गप्प बसला होता. आणि आपण एकोणतीस वर्षं त्याला मनातल्या मनात माफ करत राहिलो, हे आठवून बाईंना स्वतःचाच राग आला. त्या खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. चष्मेवालीने पाणी आणून दिलं.

वरून कोणीतरी हाक मारली, सगळे जमलेत म्हणून. चष्मेवालीने येतो म्हणून सांगितलं.

‘इथे कोणाचं नाव घालू?’ तिने विचारलं.

बाईंनी डोळे पुसले आणि आपलं नाव सांगितलं, पूर्ण. चष्मेवालीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग टाइप केलं. हे नाव काढणाऱ्यांच्या यादीत नाही, नव्याने जोडायचं का, असं यंत्राने विचारलं. तिने पडदा बाईंकडे वळवला.

‘जोड,’ बाई म्हणाल्या, ‘आणि पुढच्या छत्तीसांनाही तेच. तपासणारा म्हणून यांचं.’